वजन तेच, पण ताकद कुठे गेली?
साठी ओलांडलेल्या, कष्ट करणाऱ्या भगिनींच्या शरीराविषयी आणि ताटाविषयी

साठी ओलांडलेल्या, पण एक क्षणही स्वस्थ न बसणाऱ्या बायका आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. पहाटे उठून पाणी भरणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करून येणाऱ्या, गावाकडे अजूनही खुरपणीला जाणाऱ्या, नातवंडांना शाळेत सोडून आणणाऱ्या आणि पौर्णिमेला सगळ्यांच्या आधी विहारात येऊन सतरंज्या अंथरणाऱ्या. त्यांना प्रकृतीविषयी विचारले की उत्तर ठरलेले असते, "आम्हाला काय धाड भरलीय? दिवसभर कामातच असतो की."

हे उत्तर ऐकून आम्हालाही बरे वाटते. पण वंदना संपल्यावर याच मावशी सतरंजीवरून उठताना शेजारणीच्या खांद्यावर हात टेकतात, हेही आम्ही पाहतो. हातातल्या बांगड्या सैल झालेल्या असतात. ब्लाऊजच्या बाह्या ढिल्या पडलेल्या असतात आणि पोटाकडे मात्र तोच ब्लाऊज घट्ट होत असतो. "वय झालं आता" असे म्हणून आपण सोडून देतो. मग एके दिवशी मोरीत पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि सगळ्या घराला सांभाळणारी बाई अंथरुणाला खिळते. हे टाळता येण्याजोगे आहे. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हाच विषय आम्ही घेतला आहे.

काट्यावरचे वजन काय सांगत नाही

आपले शरीर ढोबळमानाने चार गोष्टींचे बनलेले असते. हाडे, स्नायू, चरबी आणि पाणी. वजनकाटा या चौघांची बेरीज सांगतो, त्यातला वाटा कोणाचा किती ते सांगत नाही.

समजा, एका बाईंची उंची १५० सेंटिमीटर आणि वजन ५० किलो आहे. पंचेचाळिसाव्या वर्षीही ५० किलो होते आणि पासष्टाव्या वर्षीही ५० किलोच आहे. वजन भागिले उंचीचा वर्ग या हिशेबाने त्यांचा बीएमआय सुमारे २२ येतो, म्हणजे कागदावर सगळे ठीक. पण या वीस वर्षांत मांडीचे, दंडाचे, पाठीचे स्नायू हळूहळू कमी झालेले असू शकतात आणि तेवढ्याच वजनाची चरबी पोटाभोवती साठलेली असू शकते. काटा हलला नाही, पण शरीर बदलले. वजन वाहणारा, तोल सांभाळणारा, पडताना सावरणारा भाग घटला आणि मधुमेह-रक्तदाबाला आमंत्रण देणारा भाग वाढला.

वयानुसार स्नायू आणि त्यांची ताकद कमी होण्याला वैद्यकशास्त्रात 'सार्कोपेनिया' म्हणतात. अमेरिकेतले पोषणशास्त्रज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये हे नाव मांडले. ग्रीक भाषेतल्या 'मांस' आणि 'उणीव' अशा अर्थाच्या दोन शब्दांवरून ते तयार झाले आहे. तिशी-चाळिशीनंतर ही घट संथपणे सुरू होते आणि साठीनंतर तिचा वेग वाढतो. स्त्रियांच्या बाबतीत पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते. त्यामुळे हाडांची झीज झपाट्याने होते आणि चरबी मांड्या-नितंबांऐवजी पोटावर साठू लागते.

बारीक अंगाचीही चरबी

"मी तर काडी आहे, माझ्या अंगात चरबी कुठली?" असे म्हणणाऱ्या भगिनींनी पुढचे उदाहरण लक्षात ठेवावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्याच शरीराची तुलना छापली. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण चरबीचे प्रमाण मोजल्यावर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी निघाली. दिसायला बारीक, पण आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी आपल्याकडील अनेकांची ठेवण असते.

म्हणूनच भारतीय लोकांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की सावध व्हावे, असे तज्ज्ञ सांगतात. स्त्रियांच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, तर वजन कमी असले तरी साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. उलट बीएमआय १८.५ च्या खाली असेल, तर ते कुपोषणाचे लक्षण असू शकते. आपल्या समाजातल्या ज्येष्ठ स्त्रियांत ही दोन्ही टोके एकाच गल्लीत, कधी कधी एकाच घरात दिसतात.

दिवसभर काम, तरी स्नायू का झिजतात?

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. आयुष्यभर ज्यांनी अंगमेहनत केली, त्यांचे स्नायू तर दणकट असायला हवेत. हालचालीचा फायदा होतो, यात शंका नाही. चालणाऱ्या, काम करणाऱ्या बाईचे हृदय, सांधे आणि मन बसून राहणाऱ्या बाईपेक्षा बरे राहते. पण दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, स्नायू टिकतो तो ताण पडल्यावर. झाडणे, पुसणे, भांडी घासणे, बाजारात जाऊन येणे या कामांची शरीराला वर्षानुवर्षांची सवय झालेली असते. त्यात दमायला होते, पण मांडीच्या आणि नितंबाच्या मोठ्या स्नायूंवर त्यांना वाढायला भाग पाडील असा जोर येत नाही. थकणे वेगळे आणि ताकद वाढणे वेगळे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. काम आहे, पण त्या मानाने खाणे नाही. शरीराला लागणारी ऊर्जा आणि प्रथिने अन्नातून मिळाली नाहीत, तर शरीर ती स्वतःच्या स्नायूंमधून काढते. घरात पैसा कमी पडला की घरातले सामान विकावे, तसे हे असते. त्यात वय वाढले की स्नायू अन्नातल्या प्रथिनांना पूर्वीइतका चटकन प्रतिसाद देत नाहीत. तरुणपणी जेवढ्या डाळीत भागत होते, तेवढ्यात आता भागत नाही. म्हणजे भूक कमी होण्याच्या वयात प्रथिनांची गरज मात्र वाढलेली असते.

ताटाचा हिशेब

राष्ट्रीय पोषण संस्था, हैदराबाद आणि आयसीएमआर यांनी निरोगी प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोला दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने अशी शिफारस केली आहे. पासष्टीच्या पुढच्या माणसांना १ ते १.२ ग्रॅम मिळावीत, असे २०१३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने सुचवले. म्हणजे ५० किलोच्या बाईला रोज ५० ते ६० ग्रॅम.

आता आपल्याकडचे नेहमीचे ताट पाहू. सकाळी चहा आणि रात्रीची शिळी पोळी. दुपारी दोन भाकरी, पालेभाजी, ठेचा. रात्री भात आणि पातळ आमटी. पोट भरते, पण प्रथिने मोजली तर जेमतेम २५ ते ३० ग्रॅम होतात. गरजेच्या निम्मी.

यात त्या बाईचा दोष नाही. रेशनवर मिळते ते धान्य. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ-गहू मिळतो. त्याने उपासमार टळते, पण डाळ, अंडी, दूध विकत आणावे लागते. ते आले की वाटणी कशी होते, हेही आपल्याला ठाऊक आहे. अंडे नातवाच्या डब्यात, दूध सुनेच्या बाळाला, मटणाच्या फोडी कमावत्या मुलाला आणि आजीच्या ताटात रस्सा. शेवटी जेवायचे आणि उरलेले जेवायचे, ही सवय तिला कोणी लहानपणीच लावलेली असते. घरात कोणी दुष्ट नसते. पण आजीलाही अंडे लागते, हे कोणाच्या मनातच येत नाही.

हाच हिशेब थोड्या बदलाने ५० ग्रॅमच्या पुढे नेता येतो. दिवसभरात तीन भाकरी धरल्या तर सुमारे १५ ग्रॅम. घट्ट डाळीच्या दोन वाट्या १२ ते १३ ग्रॅम. हरभरा, मटकी किंवा चवळीच्या उसळीची एक वाटी सुमारे ६ ग्रॅम. दोन अंडी १२ ग्रॅम. कपभर दूध किंवा दही ६ ग्रॅम. मूठभर शेंगदाणे ७ ग्रॅम. बेरीज साठीच्या जवळ जाते. ज्या दिवशी मासळी किंवा चिकन असेल, त्या दिवशी दोन-तीन फोडी आजीच्याही ताटात पडाव्यात. सुकट-बोंबील स्वस्त आहेत आणि त्यांत प्रथिने भरपूर, पण मीठही भरपूर. म्हणून ते चांगले धुऊन घ्यावेत आणि रक्तदाब असणाऱ्यांनी बेताने खावेत.

प्रथिने एकाच जेवणात कोंबण्यापेक्षा तिन्ही वेळच्या खाण्यात वाटून घेतलेली बरी. सर्वांत सोपी सुधारणा सकाळची. चहा-खारीच्या जागी एक उकडलेले अंडे, किंवा मुगाचे धिरडे, किंवा चहाबरोबर भाजलेले फुटाणे आणि दाणे. दात नसतील तर डाळीची घट्ट खिचडी, दाण्याचे कूट घातलेली भाजी, दही-भात, अंड्याची भुर्जी चालते. दात नाहीत म्हणून चहात बुडवलेल्या पावावर दिवस काढणे हे कुपोषणाचे एक मोठे कारण आहे.

प्रथिनांबरोबर आणखी चार गोष्टी पाहाव्यात. हाडांसाठी कॅल्शियम लागते. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. तीळ, दूध आणि काट्यांसकट खाल्लेली बारीक मासळी यांतूनही मिळते. ड जीवनसत्त्वासाठी अंगावर ऊन पडले पाहिजे. लोहासाठी पालेभाज्या, कडधान्ये, कलेजी. जेवणात लिंबू पिळावे आणि चहा जेवणानंतर लगेच न घेता तासाभराने घ्यावा, कारण चहामुळे लोह शोषले जात नाही. बी-१२ हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. उतारवयात ते शोषण्याची शक्ती कमी होते आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ते आणखी कमी होऊ शकते. पायाला मुंग्या येणे, चालताना तोल जाणे ही त्याची लक्षणे असतात. अशा वेळी रक्त तपासून घ्यावे.

मिश्रीविषयीही एक शब्द. आपल्या अनेक आयाबाया दिवसातून चार-पाच वेळा मिश्री लावतात. मिश्री म्हणजे तंबाखूच. ती भूक मारते, हिरड्या खराब करते आणि तोंडाच्या कर्करोगाला कारण होते. जेवणाची वेळ मिश्रीवर काढणाऱ्या बाईचे स्नायू टिकणे अवघड आहे.

उपोसथ आणि शाकाहार

वर्षावासात आणि पौर्णिमेला अनेक उपासिका अष्टशील घेतात आणि दुपारी बारानंतर जेवत नाहीत. त्यांनी त्या दिवशी सकाळी आणि बाराच्या आतल्या जेवणात डाळ, उसळ, दही, अंडी यांचे प्रमाण मुद्दाम वाढवावे आणि नंतर पाणी भरपूर प्यावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रात्रीचे जेवण सोडू नये. साखर एकदम उतरून चक्कर येते आणि पडण्याचा धोका असतो. औषध घेण्याने शील मोडत नाही.

काही भगिनी या वयात मांस-मासे सोडतात. तो ज्याचा त्याचा निर्णय आहे. आमचे म्हणणे इतकेच, की जे सोडले त्याच्या जागी दुसरे काही ताटात आले पाहिजे. मटण सोडले आणि बटाट्याची भाजी वाढली, तर शरीराचे नुकसान होते. मटण सोडले आणि डाळ, सोयाबीन, दही, दाणे वाढले, तर चालते.

घरच्या घरी तपासणी

चरबी आणि स्नायू अचूक मोजायला डेक्सा नावाचे यंत्र लागते आणि ते मोठ्या रुग्णालयात असते. पण संशय घेण्याइतकी तपासणी घरी करता येते.

पहिली, पोटरीची. बसून दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी जोडून कडे करावे आणि ते पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती धरावे. ही पद्धत जपानमध्ये वापरतात. कडे पोटरीला पुरत नसेल तर चांगले. कडे आणि पोटरी यांच्यामध्ये फट राहत असेल तर स्नायू कमी झाल्याची शंका घ्यावी. शिवणाची टेप असेल तर घेर मोजावा. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये स्त्रियांसाठी ३३ सेंटिमीटर ही सीमा ठरवली आहे. त्याहून कमी असेल तर पुढची तपासणी करावी.

दुसरी, खुर्चीची. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसून हात छातीवर दुमडावेत आणि पाच वेळा पूर्ण उठून बसावे. जवळ कोणी तरी उभे असावे. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, किंवा हात टेकल्याशिवाय उठताच आले नाही, तर पायांची ताकद कमी झाली आहे असे समजावे.

तिसरी, वजनाची. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन शेकडा पाचने घटले, म्हणजे ५० किलोच्या बाईचे अडीच किलो कमी झाले, तर "बरं झालं, हलकं वाटतं" असे म्हणू नये. डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह, क्षयरोग, थायरॉइड, कर्करोग किंवा मनाची उदासी, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते.

नव्वदीतही उशीर झालेला नसतो

"आता या वयात काय ताकद येणार?" या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतल्या बोस्टन शहरातून मिळाले. डॉ. मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा स्त्री-पुरुषांना मांडीच्या स्नायूंचा वजन उचलण्याचा व्यायाम दिला. आठ आठवडे पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हे १९९० साली प्रसिद्ध झाले. पुढे १९९४ मध्ये याच शास्त्रज्ञांनी शंभर वृद्धांवर अभ्यास केला. व्यायाम करणाऱ्यांची ताकद वाढली. ज्यांना व्यायामाशिवाय नुसते पौष्टिक पेय दिले, त्यांची ताकद वाढली नाही. याचा अर्थ साधा आहे. महागड्या पावडरीचा डबा आणून भागणार नाही. स्नायूला काम द्यावे लागते. आणि काम दिले की त्याला अन्नही द्यावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल, दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि पासष्टीच्या पुढे तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम असावा. आपल्या बहुतेक भगिनींचे चालणे-फिरणे होतच असते. कमी पडतात ते पुढचे दोन. त्याला पैसे लागत नाहीत.

खुर्चीवरून सावकाश उठणे-बसणे, आठ ते दहा वेळा. भिंतीला हात टेकून टाचा उचलणे, दहा वेळा. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून भिंतीला ढकलणे, दहा वेळा. लिटरभर पाण्याची बाटली हातात धरून कोपरातून वर-खाली करणे, दहा वेळा. शेवटी ओट्याला धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहणे. एक फेरी झाली की थोडा वेळ बसून दुसरी करावी. सोपे वाटू लागले की संख्या वाढवावी किंवा पिशवीत वजन घ्यावे. व्यायाम करताना श्वास रोखू नये. छातीत दुखले, दम लागला, चक्कर आली तर लगेच थांबावे. हृदयविकार असणाऱ्यांनी आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी प्रथिने स्वतःच्या मनाने वाढवू नयेत.

शेवटी एक सूचना

रविवारी विहारात बायका जमतातच. वंदनेनंतर दहा मिनिटे हा व्यायाम सगळ्यांनी मिळून केला, तर एकटीला येणारा संकोच आणि कंटाळा दोन्ही जाईल. महिला मंडळाने एक वजनकाटा आणि एक टेप आणून ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी वजन, कंबर, पोटरी एका वहीत लिहावी. ज्यांचे आकडे घसरताना दिसतील, त्यांना जवळच्या आरोग्य केंद्रात सोबत घेऊन जावे. तिथे हिमोग्लोबिनही पाहून घ्यावे. ते १२ च्या खाली असेल तर उपचार करावा.

आणि घरातल्या मुलांना, सुनांना, लेकींना आमचे सांगणे आहे. आजीला "खाल्लं का?" असे विचारू नका. ती नेहमी "हो" म्हणेल. तिच्या ताटात काय होते ते पाहा. उद्या सकाळी अंडी उकडताना एक जास्त टाका आणि ती नातवाच्या डब्यात ढकलणार नाही, याकडे लक्ष ठेवा. तिने आयुष्यभर घराला उभे ठेवले. आता तिला स्वतःच्या पायावर उभे राहता यावे, एवढी तजवीज आपण केलीच पाहिजे.